छापील वहीत नसलेला सूर

२ जानेवारी १९५२, पार्मा

लेआर्कोला भूमिका मिळाली! ऑपेरातल्या बापाची. एकोणीस तारखेला, आमच्याच थिएटरात. दोन वर्षं माझ्याकडे गाणं शिकतोय. त्याआधी चीजच्या कारखान्यात कढया ढवळायचा. अजून अंगाला आंबट दुधाचा वास येतो. दारातच माझे हात धरून रडला. "मास्तर, हे सगळं तुमचं!" माझंच तर आहे. म्हणून तर पोटात दुखतंय.

५ जानेवारी

आज बापाचं गाणं घेतलं. शेवटचा वरचा सूर स्वरलिपीच्या वहीत छापलेला नाही, पण पार्मात तो घ्यावाच लागतो. नाही घेतला तर थिएटरच्या वरच्या सज्जातले, स्वस्त तिकिटांचे लोक माणसाला सोलून काढतात. १९२३ साली मी तो घेतला आणि धरून ठेवला. अजून पावाच्या दुकानात लोक विचारतात — "तो सूर धरणारे बाराल्दी तुम्हीच ना?" एकोणतीस वर्षं त्या एका सुरावर जगतोय मी.

गाढवानं आज तो घेतला. सहज! खिडकीची काच थरथरली. सूर सोडून माझ्याकडे पाहून हसला.

"जरा बसका लागतोय," मी म्हणालो. साफ खोटं.

६ जानेवारी

माझी बहीण आर्जेनिया म्हणे, "जेवत का नाहीस? तुझ्या आवडीची अनोलिनी केलीत, रश्शात सोडलेली." म्हटलं, तुझ्या हातचा रस्सा म्हणजे भांडी विसळल्याचं पाणी. तोंड पाडून उठून गेली. बरं वाटलं.

९ जानेवारी

सांगून टाकलं. "वरचा सूर घ्यायचा नाही. छापलंय तसं गायचं. खरे गाणारे तसंच गातात."

"पण मास्तर, सज्जा?"

"सज्जा मला शिकवतोस? शुद्ध गाण्यापुढे ते लोक टोप्या काढतात!"

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही म्हणाल तसं." इतक्या बावळट माणसाला असा गळा मिळावा, हाच अन्याय आहे.

१९ जानेवारी

तिसऱ्या रांगेत बसलो होतो. गाणं सुरेख चाललं होतं, मेल्याचं. शेवट आला आणि तो खालच्या सुरावर उतरला, छापलंय तसा.

वरून कुणीतरी ओरडलं — "काय रे, वरचा मजला भाड्यानं दिलास?" हशा! मग शिट्ट्या. पाय आपटणं. आणि मग — "बाराल्दी! बाराल्दीला बोलवा!"

माझं नाव! मी उठून उभा राहिलो. वाकून नमस्कारसुद्धा केला. स्टेजवरून लेआर्को बघत होता.

२० जानेवारी

त्याच्या पुढच्या सगळ्या खेळांना दुसरा गायक घेतला. सकाळी न्हाव्यानं त्याची अर्धीच दाढी केली. "उरलेली घरी करा. तुम्हाला अर्धवट सोडायची सवय आहे." सगळ्या गल्लीत हसताहेत. मीही हसलो.

२१ जानेवारी

निरोप घ्यायला आला. परत कढयांकडे चाललाय. माझ्या सल्ल्याबद्दल चकार शब्द काढला नाही. "तब्येत सांभाळा," म्हणाला, हाताचं चुंबन घेतलं, गेला. मी अनोलिनीच्या तीन वाट्या संपवल्या.

२३ जानेवारी

फेर्मो आला होता. डुकराच्या मांसाचं दुकान त्याचं, आणि सज्जाचा म्होरक्याही तोच. टोपी हातात घेऊन बसला.

"बाराल्दी, मला राहवत नाही. खेळाच्या दिवशी सकाळी तो पोरगा दुकानात आला होता. म्हणाला, 'आज मी सूर सोडणार आहे. शिट्ट्या मारा, आणि मास्तरांचं नाव घ्या.' मी म्हटलं, तुला येत नसेल. तर तिथंच उभं राहून गाऊन दाखवला. तुझ्यापेक्षा लांब. म्हटलं, मग का रे? म्हणाला, 'त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय.'"

एकोणतीस वर्षं लोकांनी मला टाळ्या दिल्या. भीक पहिल्यांदाच मिळाली. आणि ती मी चार दिवस चवीनं खाल्ली.