हंडा घासायचा न्हाई

३ नोव्हेंबर २०२५
झाली एकदाची वाटणी! भांड्यावर ज्याचं नाव, त्याचं भांडं. थोरली जाऊ मंजुषाक्का गोणी भरून घेऊन गेली — तिच्या माहेरच्यांनी सगळ्यावर नावं टाकून दिलेली. माझ्या नावाची एक वाटी निघाली न्हाई! चौदा वर्षं राबले ह्या घरात. सासू पंचफुलाबाई जाऊन वर्ष झालं, पण जिवंतपणी साधा चमचा दिला न्हाई मला. उरलेला तांब्याचा हंडा माझ्या गळ्यात मारला. आंघोळीचं पाणी तापवून तापवून काळाठिक्कर.

विकणार. ऑनलाईन लिलावात. घरातल्या कुणाला मिळू द्यायचा न्हाई.

५ नोव्हेंबर
साईटवर नव्या विक्रेत्यांसाठी सूचना हायेत. उजेडात फोटो काढा. खोट लपवू नका. जुनी वस्तू घासू नका, हौशी लोक जुनेपणालाच बोली लावतात. बरं झालं, चिंच वाचली! ओसरीवर ठेवला, फोटो काढला, टाकला.

६ नोव्हेंबर
एक बोली न्हाई. डोळे फुटले का मेल्यांचे!

८ नोव्हेंबर
नांदेडच्या एकानं बोली लावली. मग पुण्याच्या एकानं. भांडा, भांडा!

मंजुषाक्काला कुणी सांगितलं देव जाणे. आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात, भर गर्दीत म्हणती, "पल्लवे, हंडा विकून राहिली म्हणे? आधी घासून तरी बघ." म्हणजे मी घाणेरडी का? "तुमी तुमची भांडी घासा!" म्हणलं आणि तडक जीपमध्ये बसले. तोंड बघायचं न्हाई तिचं.

१० नोव्हेंबर
नांदेडवाला लिहितो — गळ्याखालचा जवळून फोटो द्या, चीर तर न्हाई? काय कटकट हाय! पण मागेल तो फोटो द्या, असं सूचनेत हाय. तिथं तर काजळीचा थर. उद्या तेवढीच जागा घासते. संध्याकाळी बोली बंद. पीडा जाईल.

११ नोव्हेंबर
चिंच, मीठ, राख. चीर न्हाई. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं निघाली — सौ. पल्लवी, २०११. माझ्या लग्नाचं साल. सासूनंच टाकून घेतलं असणार, दुसरं कोण?

लिलाव रद्द केला. बोली लागल्यावर माघार घेतली तर खातं बंद म्हणे. करा बंद!

मंजुषाक्काला फोन लावला. "घासला व्हय?" म्हणली. "घासला. या च्या प्यायला," म्हणलं.