खालच्या शिरेचं पाणी

६ फेब्रुवारी

उकळलंय! खालच्या शिरेतलं पाणीही उकळलंय!

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचा पहिला काप ठेवला आणि खुर्चीतून उठलेच. गारगोटीच्या पोटात अडकलेले ते इवलेसे, युगानुयुगांचे थेंब — काही जवळजवळ सगळे पाण्याचे, काही नुसत्या वाफेचे, एकमेकांना खेटून बसलेले. म्हणजे गारगोटी बनत होती तेव्हा पाणी खळाखळा उकळत होतं. आणि पाणी उकळलं की त्यात विरघळलेलं सोनं टिकत नाही, तिथल्या तिथे बसतं. खाणीतल्या वरच्या शिरेत, म्हणजे खडकातल्या गारगोटीच्या वरच्या पट्ट्यात, हेच झालंय. खालीही झालं असेल तर खाण चालू राहील. नाहीतर टाळं!

भावोजींना, ताईच्या नवऱ्याला, फोन केला. खाणीचे मुख्य भूवैज्ञानिक तेच, आणि हे थेंब बघायला मला शिकवलं तेही त्यांनीच. म्हणाले, "घाई करू नकोस गं. पुन्हा बघ." कधी कौतुक करतील तर शपथ!

नवरा मात्र उड्या मारायचाच बाकी होता. खालपर्यंत भोकं पाडून दगड वर काढणारी टोळी त्याची. खाली सोनं नाही, तर त्यालाही काम नाही.

९ फेब्रुवारी

अहवालावर सही केली. त्या आनंदात नवऱ्याने भात केला. करपला. खाल्ला.

२० फेब्रुवारी

काहीतरी चुकतंय.

काप तापवत नेला की एका ठरावीक तापमानाला थेंबातला बुडबुडा नाहीसा होतो. तो आकडा वरच्या थेंबांचा आणि खालच्या थेंबांचा एकच येतोय! कसा येईल? कुकरमध्ये दाब असतो म्हणून पाणी जास्त तापल्याशिवाय उकळत नाही. इतक्या खोलवर तर दाब केवढा! तिथलं पाणी कितीतरी जास्त तापायला हवं. थेंब गोठवून मीठ तपासलं, तर तेही तेवढंच.

हे खालचं पाणी नाहीच. खालच्या शिरेचे नमुने म्हणून माझ्याकडे आलेल्या पेटीत कोणीतरी वरचे तुकडे घातलेत. आणि मी बाई हर्षवायू झाल्यासारखी सही करून मोकळी!

२१ फेब्रुवारी

वर काढलेले दगड ठेवतात त्या खाणीच्या शेडमध्ये स्वतः जाऊन खालचा दगड कापून आणला. सगळे थेंब सारखे — पाणी, आणि कोपऱ्यात छोटा बुडबुडा. वाफेचा एकही नाही.

खाली सोनं नाही.

पेटीवर सही कोणाची? भावोजींची.

२३ फेब्रुवारी

गेले त्यांच्याकडे. सरळ विचारलं. म्हणाले, "पेटी माझ्याकडे बंदच आली. न उघडता सही केली, एवढं माझं चुकलं." मी म्हटलं, "हात वर करायला बरं जमतं तुम्हाला!" ते चष्मा पुसत राहिले. त्या पुसण्याचाच जास्त राग आला.

ताई मधे पडली. "यांच्याबद्दल असं बोलणार असशील तर आमची पायरी चढू नकोस." सख्खी बहीण!

ज्यांनी बोट धरून शिकवलं त्यांनीच केसाने गळा कापावा? आणि तोही माझ्याच सहीने? खूप रडले. नवरा पाठीवर हात फिरवत राहिला. "माणसं ओळखता येत नाहीत बघ," म्हणाला. चहा करून दिला. तो नसता तर काय केलं असतं मी!

१ मार्च

खरा अहवाल मी वर पाठवला. पेटीवर सही भावोजींची, म्हणून त्यांना घरी बसवलंय. चौकशी लागली.

ताई फोन उचलत नाही. नवरा म्हणतो, "आता विषय वाढवू नकोस." का नको? खड्ड्यात जाऊ दे नातं! रागाच्या भरात त्यांनी दिलेलं भिंग कपाटाच्या वर भिरकावलं. मग स्टूल घेऊन चढले आणि फुटलं नाही ना ते बघितलं. मूर्ख मी.

८ मार्च

जेवताना नवऱ्याला सांगितलं, उद्या चौकशीत भावोजींचं नाव घेणार आहे.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. "नको घेऊस. पेटी मी भरली होती."

 मग म्हणाला, "तुला कळेल असं वाटलं नव्हतं."