छेरछेऱ्याचं धान अन् गुरुजीचे बिस्कुटं

कामिनी,

तूच सांग, लेकराले परकं वाटू नाही म्हणून कोणी त्याले साऱ्या शाळेसमोर उभं करून बिस्कुटाचा पुडा देते काय? अन् वरतून फोटो काढते काय? आमच्या धनंजय गुरुजीनं काढला, अन् त्या दिवसापासून माह्या डोक्याचा भुगा होऊन राहिला. (तू बरी असशीन. माय बरी असंन, तिचे गुडघे सोडून. श्रावणले म्हणा, बहिणीचा फोन उचलला त हात झडत नाही. पत्र यासाठी लिवून राहिली की तुमच्या घरी फोन मायच्या हातात राह्यते, माय तो मोठ्या आवाजात लावते, अन् मंग पवनीतली अर्धी आळी मले जवाब देते. चौथीपर्यंतच शिकली मी, चुका काढत बसू नको.)

आता नीट सांगते. आमच्या गावाच्या तलावापल्याड विटाभट्टी आहे. दिवाळी झाली की छत्तीसगडचे लोक तिथं विटा पाडाले येतेत. यंदा त्यातली गुड्डी अन् तिचा लहान भाऊ मोनू शाळेत आले. गुरुजीले वरून हुकूम आला म्हणे, बाहेरच्या लेकराले शाळा आपली वाटली पाह्यजे. गुरुजी हुकमाचा माणूस. त्यानं रंग आणून भिंतीवर लिवलं, तुम्ही आमचेच आहात. अन् त्याच भिंतीखाली या दोघाले सगळ्याइच्या मांगं, चपलाजवळ बसवलं. (तवा त्याइले मराठी वाचता येत नव्हतं म्हणून बरं.) मी तिथं खिचडी रांधते, मले सारं दिसते. पण पोरगी हुशार. संक्रांतीच्या आत अशी बोलाले लागली की डोळे मिटून आयकलं त आपल्याच घरची वाटावी.

मंग पौषातली पुनव आली. बहीणभाऊ थैली घेऊन दारोदार फिरले, छेरछेरा छेरछेरा ओरडत, धान मांगत. साऱ्या गावानं दारं लावले. मीबी लावलं. पण मी खिचडीवाली, मी कायले समजून घेऊ? गुरुजी पगार कायचा घेते? दुसऱ्या दिवशी प्रार्थनेले त्यानं भीक मांगू नये यावर इतकं लंबं भाषण देल्लं की पह्यलीचे दोन पोट्टे उभ्या उभ्या झोपले. मंग गुड्डीले समोर बलावलं, बिस्कुटाचा पुडा अन् जुन्या कपड्याचं गाठोडं हातात देल्लं, अन् फोटो काढून साऱ्याइच्या मोबाइलवर पाठवला. (गाठोड्यात सगळ्यात वर माह्या घरवाल्याचा सदरा. फोटोत पोरीपेक्षा सदराच जास्त दिसते. देतानी घरवाल्याले मी विचारलं नव्हतं, त तो अजून माह्याशी बोलून नाही राहिला. त्यात एक सुख आहे.)

गुड्डीनं पुडा टेबलावर ठेवला, मोनूचा हात धरला अन् चालती झाली. तवापासून शाळेत पाय नाही. दुपारी तिची माय आली, गाठोडं माह्या चुलीपुढं आपटलं अन् असं काही बोलली की शब्द एक समजला नाही, अर्थ सारा समजला. घडीघडी एकच, छेरछेरा, छेरछेरा. तवा मले तू आठवली. लग्नाच्या पह्यल्या वर्षी, अशाच पुनवेले, तू सकाळपासून सुपात धान घेऊन दारात उभी होती. माय म्हणे, सूनबाई, कोणाची वाट पाहून राहिली? तू म्हणे, पोट्टे येतीन न मांगाले. कोणी आलं नाही. तू ते धान पुन्हा कोठीत टाकलं. तुह्या माहेरी, छत्तीसगडच्या राजनांदगावकडं, त्या दिवशी नवं धान मांगाले मोठ्या मालगुजार-जमीनदाराचे पोट्टेबी निंगतेत, असं तूच मले नंतर सांगतलं होतं.

मी गुरुजीले हे सांगाले गेली. तो म्हणे, "रुखमिणीबाई, तुम्ही खिचडीतल्या मिठाकडे पाहा." म्हणून मी मिठाकडे पाह्यलं नाही, सूपभर धान घेतलं अन् सरळ भट्टीवर गेली. तिथं हिंदीत बोलली. माह्यी हिंदी आयकून गुड्डीच्या मायनं पोरीले विचारलं, ही बाई कोणत्या मुलखाची? धान त तिनं घेतलंच नाही. गुड्डीनं मले समजावून सांगतलं, "काकी, माय म्हणते, घरी आणून देल्लं त भीक झाली. आमी दारात मांगतलं अन् तुमी देल्लं, त सण." हे बोलता बोलता पोट्टी कच्च्या विटा पलटवून राहिली होती, कामिनी. तिची माय म्हणे, शाळेत इज्जत जाते, इथं निदान काम होते. एकदा त्या कामात हात बसला न, मंग ते लेकरू पाटीकडं वळत नाही.

म्हणून येत्या रविवारी मी गावात छेरछेरा ठेवला. साऱ्या शाळेचे पोट्टे थैल्या घेऊन गुड्डी-मोनूसंगं घरोघर मांगतीन. गुरुजी म्हणे, पुनव होऊन गेली. मी म्हटलं, तुमचा पाव्हणा आला नाही म्हणून बालिका दिन आठ दिवसांनी केला, मंग पुनवेनंच काय पाप केलं? त्यानं वहीत रविवार लिवून घेतला. बायाइलेबी सांगून ठेवलं, जी दार लावंन तिच्या पोट्ट्याले वर्षभर तळाची करपलेली खिचडी.

मायले नमस्कार सांग. गुडघ्याले तेल लाव म्हणा, नुसतं कण्हल्यानं काही होत नाही.

तुह्यी नणंद,
रुखमिणी

ता. क. खरं काम लिवाचं राह्यलंच. गुड्डीची माय अजून पोरगी पाठवाले तयार नाही. तिले तिच्या बोलीत सांगणारी बाई पाह्यजे, त तू शनिवारी ये. विसरली म्हणू नको. आमच्यासमोर ते बोली बोलत नाही, पण शेळीले शिव्या त्याच बोलीत देते, मी आयकलं आहे.

आणखी ता. क. आपले पोट्टे मांगाले लाजतेत, म्हणून पह्यली हाक मोठ्या माणसानं द्याची ठरली. ते हाक तू देशीन, थैली घेऊन, जोरानं. अन् गुड्डीची अट आहे, ज्या खिचडीवाल्या काकीनं दार लावलं तिच्या घरून सुरवात. लेकरू मोठं बिलंदर आहे. हे पत्र घेऊन येणारा आमचा शेजारी भय्याजी शुक्रवारी सांजेले वापस निंगते, त्याच्याजवळ जवाब दे. हव असंन त हव लिव. नाही असंन, तरी शनिवारी ये.