डब्यात राहिलेले फ्यूज

वासंती,

तुझी पोरगी म्हणते, वर 'प्रिय' लिही. सासू-सुनेत कोण लिहितं गो असलं? बोलायला तू समोर नायस, म्हणून दुसरी शिकलेल्या हातानं लिहिते. काल आपल्या भातगिरणीत मोठा आवाज झाला. ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरत नाय.

उंदरानं मोटरची केबल कुरतडली होती. फाडकन शॉर्ट झाला, फ्यूज उडाले नि गिरण गप! बाहेर काशिनाथ भात घेऊन बसलेला, पोरीचं लग्न परवावर. वायरमननं केबल बदलली, तवर काशिनाथचा जीव वरखाली. म्हणतो, "आजी, फ्यूज कशाला शोधता? जाड तार घाला, पुन्हा उडायची कटकट नाय."

तुझा नवरापण तार सोलायला बसला. तुझा नवरा गो! विसरला तो?

मोटर चालू-बंद करायचा आपला जुना स्टार्टर, त्यात फ्यूजच्या जागी अशीच जाड तार होती ना? शॉर्ट झाला तेव्हा मेली तार टिकली, नि वीज जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट वितळून एकमेकांना चिकटले. तू लाल बटण दाबतेस, दाबतेस, आणि पट्टा फिरतोच! तुझा पदर त्यात ओढला जात होता. मी मेन स्वीच पाडला नसता तर?

मग तू मुरबाडहून नवा स्टार्टर आणलास, नि त्याच्या झाकणात लिहिलेल्या नंबराचेच फ्यूज. मी म्हटलं, "एवढे महाग? सोन्याचे हायेत काय?"

"आई, सोयरीक बघून करतो ना आपण? स्टार्टरला झेपेल तसाच फ्यूज हवा. शॉर्ट झाला तर त्यानं आधी जायचं, स्टार्टरला वाचवायचं."

"मोठी आली सोयरिकी जमवणारी!" मी म्हटलं. बोलले ते बोलले. परत घेत नाय.

पण एक विचारते. मोटर तापली की स्टार्टर आपोआप बंद पडतो, हे मला तूच शिकवलंस. मग यंदा लावणीत अंगात ताप भरला, तेव्हा तू का नाय थांबलीस? "एवढं खाचर उरकते, आई." उरकलंस खाचर! तुला टोकावड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत... जाऊ दे.

काल मी तुझ्या नवऱ्याच्या हातातली तार ओढून उकिरड्यावर फेकली. तुझा पत्र्याचा डबा काढला. फ्यूज तुझ्या हिरव्या साडीच्या चिंधीत गुंडाळलेले. वायरमननं स्टार्टर उघडला, तर पॉइंट सुटे, चांगले. फ्यूज बसवले. मी हिरवं बटण दाबलं.

पहिल्या दाबात गिरण चालू! मी मागं वळून ओरडले, "वासंती, चालू झाली गो!"

मागं काशिनाथ होता. मान खाली घालून गोणीचं तोंड उगाच सारखं करत बसला.

मोटर वाचली, स्टार्टर वाचला, लग्नाचा तांदूळपण झाला. काय करू ह्या सगळ्याचं?

चिंधी परत डब्यात ठेवली आहे. मी आहे तवर आपल्या स्टार्टरात तार जाणार नाय. डबा रिकामा झाला तर उडालेला फ्यूज हातात घेऊन मी स्वतः मुरबाडला जाईन, तोच नंबर मागेन. आणि तुझ्या पोरीचं अंग जरा जरी तापलं, तर खाचर पडीक राहू दे, मी उंबऱ्यात आडवी पडेन, पण तिला शेतात जाऊ देणार नाय.

आई