नाल्यावरच्या पाटाच्या पुलाची हकीकत

४ मे १९५७
काम मला मिळालं! पाटाच्या पुलाची हकीकत लिहायची, हिंदीत. भोपाळकडून नवे इंजिनियर आलेत, त्यांच्यासाठी. पूल ठेवायचा की पाडून लोखंडी नळ टाकायचा, ते अठरा तारखेला पाणी सोडून ठरणार. अप्पा पार शहरातल्या बुधवाऱ्यापर्यंत सांगत सुटले—"आमची सुमन लिहितेय!" घरातली पहिली बी.ए. ना मी.

५ मे
टेप घेऊन नाल्यात उतरले. पाच कमानी, साऱ्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. वरून माणसं जात नाहीत, पाणी जातं—बहादरपूरच्या केळींना. सत्तर वर्षं! प्रत्येक कमान शेजारणीवर रेलते, म्हणून दोन्ही टोकांचे खांब दुप्पट जाड. असा पूल आपल्या गावात आहे!

८ मे
इंजिनियर साहेब म्हणाले, "सीलन दिखी तो पुल गया समझो।" आणि आमच्या बायका! उन्हाळ्यात पाट बंद असला की रोज पुलावर हंडे रिकामे करतात. कमानींवर ओलीचे डाग, म्हणजे सीलनच. का ओतता विचारलं, तर "सासू ओतायची." मी थांबवलं. सोजरबाई—ऐंशीच्या पुढच्या—म्हणाल्या, "पुलाले तहान लागते, पोरी. पुस्तकात नाही का?" सगळ्या हसल्या. पण माय म्हणाली, "शिकेल हाये ती. ऐका तिचं."
ऐकलं!

१४ मे
पूल कोरडा ठणठणीत. किती देखणा दिसतो!

१८ मे
पाणी सोडलं. तिसऱ्या कमानीतून धार लागली. मग दुसरीतून. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. अप्पा माझ्याकडे बघेनात.
सोजरबाई काठी टेकत आल्या. वरच्या विटांखाली तुडवलेल्या काळ्या मातीचा थर आहे म्हणे. ओली असली की फुगून पाणी अडवते, वाळली की भेगाळते. आपल्या शेतासारखीच! शेतकऱ्याची मुलगी मी, आणि विचारलंही नाही.
सगळ्या गावासमोर साहेबांना सांगितलं—"पुलात खोट नाही. पाणी ओतणं मी बंद करवलं."
साहेबांनी वही मिटली. "आठ दिन।"

२२ मे
सकाळ-संध्याकाळ हंडे. खांदे सोलवटले. शेजारची शोभा म्हणते, "बी.ए.चा हंडा लई डुचमळते वो!"

२६ मे
पुन्हा पाणी सोडलं—एक थेंब नाही! पूल राहणार!! माय रडली, मीही.
साहेबांनी विचारलं, "ये मिट्टी किस इंजिनियर ने डलवाई?"
सोजरबाईंना हसू आवरेना. "इंजिनियरचा पूल तं पयल्याच साली गळला. मी नवी नवरी होती. आम्ही बायकांनी विटा काढल्या, माती तुडवली, परत बसवल्या."

२७ मे
हकीकत पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिते आहे. नऊ बायका होत्या. आठ नावं सोजरबाईंनी सांगितली. नववीला सगळे 'कौतिकची माय' म्हणत. तिचं स्वतःचं नाव कोणालाच ठाऊक नाही.