पोरं सुरक्षित आहेत

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी तुम्हाला काही लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. बोलण्यासारखं होतं ते तुम्ही असतानाच बोलून झालं, उरलं ते बोलून उपयोग नव्हता. पण या आठवड्यात जळगावच्या कोर्टात एक माणूस पिंजऱ्यात उभा राहिला आणि तुमच्याच आवाजात बोलला. पस्तिशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. दोन मुलींचा ताबा कोर्टाने त्यांच्या आईला दिलेला, आणि हा दिवाळीच्या सुट्टीत भेटायला म्हणून त्यांना घेऊन गेला तो परत घेऊन आलाच नाही. मी त्या आईची वकील. न्यायाधीशबाईंनी विचारलं, मुली कुठे आहेत. तो म्हणाला, "मुली सुरक्षित आहेत, मॅडम. एवढंच सांगू शकतो."

त्याच्या वकिलाने नेहमीचा युक्तिवाद केला. बाप हा नैसर्गिक पालक, आपल्याच मुलींना त्याने पळवलं असं म्हणणार कसं? पोलिसांत तक्रार आहे, मग स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर करता येईल का? अवमान म्हणून आत टाकलं तरी कायद्याने किती महिने ठेवाल, आणि तेवढे काढून तो बाहेर आला की पुढे काय? हे सगळे प्रश्न खोटे नाहीत, नाना. पुस्तकांत त्यांच्यावर पानंच्या पानं आहेत. मी फक्त एक प्रश्न विचारायची परवानगी मागितली. म्हटलं, "तुम्ही मुलींना त्यांच्या आईबद्दल काय सांगितलंय?" बाकी सगळ्याची तयारी करून आला होता तो, याची नव्हती. न्यायाधीशबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. त्याने पाणी मागितलं. जेवणाच्या सुट्टीनंतर बहिणीच्या घरचा पत्ता दिला. संध्याकाळी पोलिसांनी मुलींना आणलं, तर थोरली आईला पाहून होती तिथेच थांबली. पुढे येईना, रडेना, नुसती बघत राहिली. ती बाई मला म्हणाली, "ताई, ही अशी काय करते हो?" मला ठाऊक होतं. मी एवढंच म्हटलं, "थोडा वेळ द्या तिला."

मीही तशीच उभी होते. तेव्हा तुम्ही जेलात, जाळीच्या आत होतात, त्यामुळे ते तुम्ही पाहिलं नाही. म्हणून सांगते.

आईला पहूरच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि तुम्ही म्हणालात, माझ्या घरातली बाई परगावी राहून नोकरी करणार नाही. आईने नोकरी सोडली नाही. आपलं धुळ्यातलं देवपूरचं घर सोडलं. मला आणि भावाला घेऊन ती पहूरला गेली, आणि कोर्टाने मुलं तिच्याकडे ठेवली. तुम्हाला रविवार मिळाला. रविवारी तुम्ही धुळ्याहून यायचात, आम्हाला जामनेरला नाहीतर जळगावला न्यायचात आणि दिवेलागणीच्या आत आणून सोडायचात. मला ते रविवार आवडायचे. तुम्ही हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवत होतात, आणि बसमध्ये माझ्याकडून मूलभूत हक्क म्हणवून घ्यायचात. चुकलं की माझ्या डोक्यावर हलकी टपली. भाऊ तेव्हा एवढासा, तुमच्या मांडीवर झोपलेला असायचा.

त्या रविवारी जळगावच्या स्टँडवर तुम्ही आम्हाला कुल्फी घेऊन दिलीत. उघड्यावरचं काही खाऊ नये म्हणणारे तुम्ही, त्यामुळे मला ते लक्षात राहिलं. मग आपण परतीच्या बसऐवजी धुळ्याच्या बसमध्ये बसलो. धुळ्याला उतरून साक्रीच्या बसमध्ये. मी विचारलं, आईला सांगितलंय का, तर तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. साक्रीच्या स्टँडवर एका बाकावर आम्हाला बसवून तुम्ही समोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "तुझी आई गेली. काल ताप डोक्यात गेला." मी नऊ वर्षांची. सकाळीच आईने माझी वेणी घातली होती. मी तसं म्हटलं. तुम्ही म्हणालात, "सकाळी बरं वाटत होतं तिला. आपण निघाल्यावर झालं. मला फोन आला." फोन कुठे आला, मी सगळा वेळ तुमचं बोट धरून होते, हे मला सुचलं नाही. आधी काल म्हणालात, मग आज, हेही नाही. एवढंच विचारलं, की अग्नी कोण देणार. तुम्ही लगेच म्हणालात, "मामा देईल." आता वकील म्हणून मला कळतं, नाना, ते उत्तर तयार होतं. घरून निघतानाच तुम्ही ते खिशात घालून आणलं होतं.

साक्रीच्या पुढे डोंगरात तुमची मावशी राहायची. आम्ही तिला आजी म्हणायचो. एकटी बाई, दोन बकऱ्या, पाऊस पडेल तेवढी शेती. तिलाही तुम्ही तेच सांगितलंत. तिने मला जवळ ओढलं, डोक्यावर तेल घातलं आणि माझ्यापेक्षा जास्त ती रडली. तुम्ही मला म्हणालात, "रडून कोणी परत येत नाही. भावाकडे बघ." म्हणून मी भावाकडे बघायला लागले. त्याला नागलीची भाकरी कुस्करून द्यायची, त्याचं नाक पुसायचं, त्याला आई आठवली की दुसरं काहीतरी दाखवायचं. काही महिन्यांत त्याला आई आठवायची थांबली. ते काम मी चांगलं केलं, असं तुम्ही मला म्हणालात. महिन्यातून एकदा यायचात, कपडे आणायचात, वह्या आणायचात. शाळेत आमचं नाव घातलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणालात, मीच शिकवतो ना तुला.

इकडे आई काय करत होती हे मला फार नंतर कळलं. पोलीस ठाण्यात तिला सांगितलं, बापानेच नेली ना पोरं, मग हरवली कशी म्हणता? ती रोज जाऊन बाकावर बसायची. मग कोणीतरी तिला औरंगाबादच्या खंडपीठाचा रस्ता दाखवला. मुलांना कोर्टापुढे हजर करा, असा हुकूम निघाला, आणि मग पोलिसांनीही तिची तक्रार लिहून घेतली. तुम्ही हजर झालात, मुलांशिवाय. "मुलं सुरक्षित आहेत," म्हणालात. न्यायमूर्ती म्हणाले, "सुरक्षित आहेत हे तुम्हाला कळतं, म्हणजे कुठे आहेत हेही कळतं." तुम्ही गप्प. पुढच्या तारखेला गप्प. त्याच्या पुढच्या तारखेलाही. शेवटी अवमान केला म्हणून तुम्हाला धुळ्याच्या जेलात टाकलं. आई सांगते, त्या दिवशी तुमच्या शाळेतले दोन मास्तर कोर्टाच्या आवारात तिच्यासमोर म्हणाले, पोरांसाठी जेलात गेला, बाप असावा तर असा. मुलांना शोधायला रजा संपवून, हातातल्या बांगड्या मोडून फिरणाऱ्या बाईला हे ऐकवलं त्यांनी. तुम्ही ते ऐकून मान खाली घातलीत. नम्रपणे.

तुम्ही येईनासे झालात तेव्हा आजीला वाटलं, भाचा पोरं तिच्या गळ्यात टाकून गेला. मग एका बाजाराच्या दिवशी ती साक्रीला गेली, आणि तिथे देवपूरचा कोणी ओळखीचा तिला भेटला. त्याने सगळं सांगितलं. दुपारी ती परत आली तेव्हा बाजाराची पिशवी रिकामी होती. उंबऱ्यावरच बसली. मला म्हणाली, "पोरी, तुनी माय जित्ती शे. तुना बाप खोटं बोलना."

लोकांना वाटतं, अशा वेळी मुलं आनंदाने नाचत असतील. मी आजीवर ओरडले. तिला खोटारडी म्हणाले. इतके दिवस मी जिच्यासाठी रडले ती तिकडे जेवतखात होती, दवाखान्यात जात होती, हे मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी लग्नाकार्याला नेसायचं लुगडं आजीने नेसलं, आम्हाला आंघोळी घातल्या आणि म्हणाली, "चाला, आपले धुयाले जानं शे." तिला कोर्ट माहीत नव्हतं, आईचा पत्ता माहीत नव्हता. भाचा जेलात आहे एवढं माहीत होतं. म्हणून ती आम्हाला घेऊन सरळ जेलाच्या दारात गेली, भाच्याला भेटायचंय म्हणाली.

जाळीपलीकडे तुम्ही आलात. दाढी वाढलेली. आम्हाला पाहिलंत आणि तुमचा चेहरा पांढरा झाला. आजीशी तुम्ही आयुष्यभर अहिराणीत बोललात, त्या दिवशी मात्र शाळेतली मराठी बोललात. "मावशी, यांना परत घेऊन जा. कोणी बघायच्या आत." आजी म्हणाली, "तू माले सांगेल व्हतं, ती मरी गयी." तुम्ही म्हणालात, "माझ्यासाठी ती मेलीच आहे." आजीने जाळीला हात लावला. "तुन्हासाठे मरी व्हई," ती म्हणाली. "पोरेससाठे कशी काय मरी?"

मी विचारलं, "नाना, आई आहे?" तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. भावाकडे बघत राहिलात. तो आजीच्या पदराशी खेळत होता. पुन्हा विचारलं तर म्हणालात, "मोठी झालीस की कळेल तुला." मोठी झाले, नाना. नाही कळलं.

आजी वळली आणि दारावरच्या शिपायाला म्हणाली, "साहेब, ज्या पोरेससाठे याले कोंडेल शे ना, ते हाईच पोरं शेतस." मागून तुम्ही तिला हाक मारत होतात. ती थांबली नाही. पोलीस, वकील, खंडपीठ, हुकूम, सगळ्यांना मिळून जे जमलं नव्हतं, ते तिने तेवढ्या एका वाक्यात केलं. त्यानंतर तुम्ही तिचं तोंड बघितलं नाहीत. ती गेली तेव्हा मातीलाही गेला नाहीत.

आईला पहूरहून यायला संध्याकाळ झाली. आम्हाला पोलीस ठाण्यात बसवलं होतं. ती दारात आली. केस पांढरे झाले होते, इतक्या थोड्या महिन्यांत. मी होते तिथेच उभी राहिले. तिने हात पुढे केले आणि मी गेले नाही. भाऊ आजीच्या मागे लपला. तिने त्याला उचलून घेतलं तेव्हा तो तिला म्हणाला, "मावशी, मला खाली ठेव." आईने त्याला खाली ठेवलं. तो पुढे वर्षभर तिला मावशी म्हणत होता, आणि ती ओ देत होती.

तुम्ही सुटून आलात. आईने पोलिसांतली तक्रार मागे घेतली. पोरांचा बाप गुन्हेगार नको, म्हणाली. म्हणजे तुम्ही केलं तो गुन्हा होता की नव्हता, हे कोणी ठरवलंच नाही. तुम्ही परत नोकरीवर गेलात आणि मुलांना परत मूलभूत हक्क शिकवले. मी जळगावला लॉ कॉलेजात असताना एकदा देवपूरला आले होते, आठवतं? तुम्ही चहा केला होता. मी सरळच म्हटलं, की निदान मेली असं सांगायचं नव्हतं. तुम्ही कप पुसत होतात. म्हणालात, "जिवंत आहे म्हटलं असतं तर तू तिथे राहिली असतीस का?" मी म्हटलं, नाही. "मग?" म्हणालात. जसं काही गणित सोडवून दाखवलंत. आणि वर, "वकील होते आहेस ना? तुझं काय वाईट झालं, त्याचा पुरावा दे." मी चहा तसाच ठेवून उठले. तो पुरावा मी आजवर कुठे दिला नाही. भाऊ नाशिकला असतो. त्याची बायको सांगते, मुलीला शाळेतून आणायला तो कधीच दुसऱ्या कोणाला पाठवत नाही, तिच्या वडिलांनाही नाही, आणि बसला उशीर झाला तर त्याला दरदरून घाम फुटतो. तो स्वतः यावर एक शब्द बोलत नाही. हा पुरावा कोणत्या कोर्टात चालतो ते तुम्हीच सांगा.

तुमच्या मयताला अर्धं देवपूर आलं होतं. जुने विद्यार्थी, मास्तर. पांझरा नदीच्या काठावर एक जण भाषणात म्हणाला, लेकरांसाठी तुरुंगवास भोगलेला माणूस. भाऊ माझ्याकडे बघत होता, मी काही बोलते का म्हणून. मी बोलले नाही. आई आली नव्हती. घरी गेले तेव्हा तिने आमच्या आंघोळीसाठी पाणी तापवून ठेवलं होतं. कोण कोण आलं होतं, एवढंच विचारलं तिने.

आई आता माझ्याकडेच असते. त्या मुली आईकडे गेल्या त्या संध्याकाळी मी घरी आले, तिला सगळं सांगितलं. तो माणूस, तो प्रश्न, त्याने मागितलेलं पाणी. तिने ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता विचारलं, "तुला त्यांची आठवण येते का गं?" मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली.

येते, नाना. उलटतपासणी चांगली झाली की कोर्टाच्या पायऱ्या उतरताना हे कोणाला सांगावं म्हटलं तर आधी तुम्हीच आठवता. त्या दिवशीही तुम्हीच आठवलात.