उंदरानं खाल्लेली वायर

७ फेब्रुवारी २०२२, दुपार

सिम्युलेटरची वायर उंदरानं खाल्लेली न्हाय. मी कापली. सर खाली चहाला गेलतं तवा, गाडीच्या डिकीतल्या पकडीनं. वर बाजूला जरा ज्वारी टाकली, उंदीर आल्यागत वाटावं म्हणून.

पण माझा इलाज न्हवता. विमानतळावर टॉवरमध्ये बसून विमानं चढवणारा-उतरवणारा कंट्रोलर व्हायचं, तेचा हा क्लास. लॉकडाऊननं दोन वर्षं बंद. आज उघडला आणि हंबीरराव सर पयल्या झटक्यात म्हणालं, उद्या सिम्युलेटरवर टेस्ट, कुणाच्या डोक्यात काय ऱ्हायलंय बघू. माझ्या डोक्यात ‘क्लिअर्ड टू लँड’ एवढंच हाय. म्हंजे खाली उतर.

महिनाअखेरीला व्हॉइस टेस्ट. माइकवर शांत बोलायचं, ओरडला की मार्क कट. नापास झाला त्यो बॅचमधनं भाईर. मी भाईर पडलो तर आबा मला हुपरीला मामाच्या कारखान्यात पैंजण घासायला बसवणार. मामाशी बोलून बी ठेवलंय.

संकल्प: रोज अभ्यास. आणि आजपासनं कुणावर हात टाकायचा न्हाय. कंट्रोलरचं डोस्कं बर्फ पायजे.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ

विजयसिंहबरोबर मारामारी.

हा गडमुडशिंगीचा. सकाळी तालीम, दुपारी क्लास. मान कुठं संपत्या आणि खांदा कुठं चालू होतोय कळत न्हाय. वायर बघून म्हणला, हा उंदीर मला घावला तर जित्ता सोलतो. मी म्हटलो, लगा मुक्या जनावराला कशाला बोलतोस. तर म्हणला, तुझा कोण लागतोय त्यो?

बास. कोणबी तापंल. मी खुर्ची उचलली. तेनं माझी मुंडी बगलंत धरून भिंतीवर वाजवली. मी दंडाला चावलो. मॅच बरोबरीत सुटली.

संकल्प उद्यापासनं धरायचा.

९ फेब्रुवारी

सर वस्ताद माणूस. म्हणालं, मशीन दुरुस्त होईपतूर क्लास थांबत न्हाय. मागच्या मैदानात चुन्यानं धावपट्टी आखली. विमानं म्हंजे आमी, सायकलवर. कंट्रोलर गच्चीवर. सगळ्यांच्या कानात इयरफोन, फोन एकमेकांला जोडलेलं.

माझ्या पथ्यावरच पडलं. सायकल मला लहानपणापासनं येत्या.

निशा कंट्रोलर होती. बॅचमधली सगळ्यात हुशार पोरगी. मला म्हणाली, होल्ड. म्हंजे थांब. मी गंमत म्हणून पट्टीवर उतरलो, तेबी हात सोडून. मागनं तिघंजण येऊन माझ्यावर धडकलं. एकाचं ब्रेकचं दांडकं माझ्या बरगडीत.

निशा गच्चीवरनं खाली आली. मला वाटलं, लागलं काय इचारत्या. तिनं हवा भरायच्या पंपानं पाठीत पाच-सहा हाणलं. वर म्हणाली, विमानात दीडशे माणसं असत्यात रे, तुला गंमत सुचत्या. मग अजून एक हाणला.

पोरगी हाय म्हणून मी हात उचलला न्हाय. संकल्प टिकतोय.

१४ फेब्रुवारी

घरात प्रॅक्टिस. म्हशी पाण्यावर सोडताना क्लिअरन्स दिला. थोरलीला म्हटलो, क्लिअर्ड. तवाच शेजारच्या बाबासो तात्यांचा रेडा दारातनं आत. दोघं चौकटीत अडकलं आणि चौकट भिंतीसकट भाईर आली.

तात्यांनी मला काठीनं धुतला. आबा आलं, तात्यांची कॉलर धरली, म्हणालं, माझ्या पोराला हात लावायचं काम न्हाय. मग चौकट बघितली. मग दोघांनी मिळून धुतला. आई मधी पडली, ती बी चौकटीसाठी.

माझी चूक एवढीच, म्हशीला इंग्रजी येत न्हाय.

२५ फेब्रुवारी

उद्या टेस्ट. तयारी फुल्ल हाय. पुस्तक उघडलं न्हाय, कारण आवाज पुस्तकात नसतोय. आरशासमोर शांत बोलून बघितलं. लई भारी वाटलो. माझ्यागत आवाज कोल्हापुरात कुणाचा न्हाय.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ, दवाखाना

हळू लिवतोय. उजव्या हाताची बोटं सुजल्यात.

सकाळी गच्चीवर मी. खाली विमानं दोन, विजयसिंह आणि सम्राट. विजयसिंह म्हणला, धावपट्टी शून्य सातवर उतरू का? मी शांत आवाजात, क्लिअर्ड टू लँड. सम्राट म्हणला, पंचवीसवर उतरू का? मी अजून शांत, क्लिअर्ड टू लँड.

मला काय म्हाईत, पट्टी एकच असत्या म्हणून. ह्या टोकाकडनं आलं की शून्य सात, त्या टोकाकडनं आलं की पंचवीस. हे सरांनी लॉकडाऊनच्या आधी शिकवलेलं म्हणं. त्या दिवशी मी सरांच्या खुर्चीला च्युइंगगम लावत हुतो.

दोघं समोरासमोर सुसाट सुटलेलं. मला दिसलं. ओरडायला तोंड उघडलं आणि ध्यानात आलं, ओरडलो तर मार्क कट. मार्क कट म्हंजे हुपरी. म्हणून शांतच बोललो. जरा कडंकडंनं घ्या की, दोघं बसतायसा.

दोघांनीबी एकाच कडंनं घेटलं.

सम्राटचं मनगट मोडलं. विजयसिंहचं पुढचं दोन दात चुन्यात पडलं. त्यो उठला, दात येचलं, खिशात घातलं आणि जिना चढाय लागला. मागनं सम्राट, चांगला हात वर करून. मी जिन्याकडं बघून शांतपणे म्हटलो, होल्ड.

कुणी होल्ड केलं न्हाय.

३ मार्च

जबडा बांधलाय. दूध आणि पेज.

नापास. सर म्हणालं, आवाज फर्स्ट क्लास, एवढ्या थंडपणानं दोन विमानं धडकवणारा माणूस मी उभ्या नोकरीत बघितला न्हाय. आणि बॅचमधनं काढलं.

पण नवी वायर बसवलीय, तिला राखण पायजे. म्हणून मला ठेवलंय. काठी घेऊन सिम्युलेटरपाशी बसायचं, उंदीर आला की हाणायचा. घरात लिवून दावलं, टॉवर ड्युटी लागली. आबांनी गल्लीत पेढं वाटलं. हुपरी टळली.

आज विजयसिंहबी काठी घेऊन शेजारी येऊन बसला. दातांच्या फटीतनं म्हणला, उंदरामुळं सायकल आली, सायकलीमुळं दात गेलं, त्यो घावंस्तवर मी हितनं हलत न्हाय.

मग निशा आली. कोपऱ्यातली जुनी वायर उचलून तिचं टोक बोटानं चाचपलं. माझ्याकडं बघून म्हणाली, उंदराच्या घरात पक्कड हाय वाटतं.

आणि गेली.

विजयसिंह तवापासनं इचार करतोय. त्यो इचार सावकाश करतोय. आत्ता जरा भुवई हलली.

पावणं, चुकून तुमच्या हातात हे पडलंच, तर पाया पडतो. कुणाला सांगू नगासा. उंदीरच हुता म्हणा.